परभणीची चौकशी

आमच्या घरातली मुलगी द्यायची म्हटलं की चौकशीला मी जाते. हे काम मला कोणी नेमून दिलेलं नाही. सासूबाई गेल्यावर ते माझ्याकडं आलं, जसा त्यांचा पाटा-वरवंटा आला, तसं. मी नको म्हटलं नाही, आणि मग नको म्हणायची वेळ निघून गेली.

चौकशीची एक रीत असते, बरं का. ज्या घराची चौकशी करायची त्या घरात आधी जायचंच नाही. तिथं सगळे इस्तरीचे कपडे घालून बसलेले असतात, त्यातून काय कळणार? आधी गल्लीच्या कोपऱ्यावरची पिठाची गिरणी गाठायची. घरात किती माणसं जेवतात आणि दळणाचा डबा सून उचलते का लेक उचलतो, हे गिरणीत कळतं. मग शेजारच्या घरी पाणी मागायचं. शेजारीण जर पटकन म्हणाली, "माणसं लय चांगली हायेत," तर संशय घ्यायचा. पण जराशी थांबली, एखादी खोड सांगितली, आणि मग म्हणाली, "पण माणसं चांगली हायेत," तर ते खरं. दोरीवर वाळत घातलेले कपडे बघायचे. दारातल्या चपला बघायच्या. आणि जिच्यासाठी चौकशी करायची त्या मुलीला बरोबर न्यायचं नाही.

या रीतीनं मी बरीच स्थळं मोडली. जी पास केली ती सगळी टिकली. एक जावई घोरतो म्हणून मला अजून ऐकून घ्यावं लागतं, पण घोरणं चौकशीत कळत नाही. ते माझ्या हद्दीबाहेरचं आहे.

तर सांगायचं काय, की एवढी घरं बघितली, पण एक अख्खं शहर पास करायचं काम माझ्यावर आलं ते नातीमुळं.

नातीनं रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला आणि तिला परभणीच्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली. आम्ही सेलूचे. सेलूहून गाडीत बसलं तर शेजारच्या बाईची सगळी कैफियत ऐकून व्हायच्या आत परभणी येतं. रोज जाऊन-येऊन करणारे ढीगभर लोक आहेत. पण नातीची ड्युटी आलटून पालटून होती, आणि संध्याकाळची ड्युटी रात्री उशिरा सुटायची तेव्हा परत यायला गाडी नव्हती. म्हणजे तिथं खोली करून राहायचं. एकटीनं.

माझ्या मुलाचं सेलूत वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. माणूस सरळ, पण काळजीखोर. नातीची ऑर्डर आल्यापासून तो जेवताना मोबाइल समोर ठेवून परभणीच्या बातम्या वाचायला लागला. आधी नुसता वाचायचा, मग आम्हाला वाचून दाखवायला लागला.

"हे बघ, परभणीत मंगळसूत्र ओढलं कोणाचं तरी."

"मला मंगळसूत्रच नाही, बाबा," नात म्हणाली.

"मोटरसायकल गेली बघ. दारासमोरून."

"मोटरसायकल पण नाही."

"चेष्टा करायलीस का माझी? तिथं रोज काहीतरी व्हायलंय."

"रोज काहीतरी सेलूत पण होतं, बाबा. पण ते तुमी मोबाइलवर वाचत नाही, कारण ते तुमाला आधीच माहीत असतं."

सुनेनं त्याच्या ताटात भाकरी वाढली. सून बोलत नाही, पण दुसऱ्याच दिवशी तिनं मसाल्याची आणि चटणीची बरणी धुऊन उन्हात घातली. ते मी बघितलं.

"जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतात," नात म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"परभणीवाले."

मुलानं मोबाइल पालथा ठेवला. म्हणाला, "ठीक आहे. माय जाऊन बघून येऊ दे. माय पास म्हणाली तर जा. नाही म्हणाली तर विषय बंद. परत काढायचा नाही."

नातीचा चेहरा उतरला. मी मोडलेल्या स्थळांची सगळी यादी तिला तोंडपाठ होती. मला ते जरा लागलं. मुलाचा चेहरा मात्र खुलला होता, आणि तेही मला लागलं. नातीला महिनाअखेर रुजू व्हायचं होतं. नाही गेली तर ती जागा दुसरीला.

आता परभणी मला नवी नाही. माझं माहेर झरी, सासर सेलू, आणि परभणी मधे. जन्मभर मी त्या स्टँडवर गाडी बदलली. पण माहेरी जाताना घाई असायची आणि येताना डोळ्यांत पाणी, त्यामुळं ते गाव मी नीट बघितलंच नव्हतं.

लॅबमधल्या कोणीतरी एका खोलीचा पत्ता दिला होता. जुन्या वस्तीतली गल्ली, निळ्या गेटचं घर, वरची खोली, खाली मालकीण. मालकीण म्हणजे शाळेतून निवृत्त झालेली बाई, असं कळलं होतं. मी एकटीच गेले. रीतीप्रमाणं घरात न जाता आधी गल्लीच्या तोंडाची गिरणी गाठली. गिरणीवालीच्या पापण्या पिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. मला बरं वाटलं. चालू गिरणी आहे म्हणजे गल्ली जिवंत आहे.

"ते निळ्या गेटचं घर कसं हाय हो?" मी विचारलं.

"कामून?"

"आमच्या पोरीसाठी बघायलेय. सेलूला वह्या-पुस्तकांचं दुकान हाय आमचं."

तिनं गिरणीचा पट्टा बंद केला. दळण अर्धं राहिलं. "बसा की मावशी. माय अन् लेक, दोघंच. लेक बँकेत हाय. एकुलता."

घरात लग्नाचा पोरगा आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वर नात राहणार म्हटल्यावर मला विचारणं भाग होतं. "पिणंबिणं?"

"सुपारीचं खांड न्हाई."

"दोस्त-मित्र येतेत का घरी?"

"कुठले दोस्त! बँक अन् घर."

"रागीट हाय का?"

"मायपुढं आवाज न्हाई."

"अन् बाहेर?"

"बाहेर तर मुळीच न्हाई."

मी समाधानानं पुढं गेले. इस्तरीच्या दुकानात थांबले. मी तोंड उघडायच्या आत इस्तरीवाला म्हणाला, "उंचीला चांगला हाय मावशी. त्याच्या पॅन्टीला मला येळ जास्त लागतो." गिरणीपासून इस्तरीपर्यंत मी चालत आले होते, खबर माझ्या आधी कशी आली ते मला कळलं नाही. पण खबर पळते ती गल्ली चांगली, असा माझा अनुभव आहे, म्हणून मी काही बोलले नाही.

मग निळ्या गेटच्या शेजारी पाणी मागितलं. शेजारणीनं पाणी दिलं. मग चहा दिला. मग पोहे आणले, वरून खोबरं आणि कोथिंबीर घालून. खोली बघायला आलेल्या बाईला कोणी खोबरं घातलेले पोहे दिल्याचं माझ्या एवढ्या वर्षांत मला माहीत नाही. तिथंच मला समजायला पाहिजे होतं. पण भूक लागली होती.

शेजारीण खिडकीत उभी होती. "आला, आला," ती म्हणाली. "मायनं बँकेतून बोलावून घेतला वाटतं. बघा, बघा, खाली मान घालून चालतो. आता तुमीच सांगा मावशी, असं स्थळ आजकाल मिळतंय का कुठं?"

खोली राहिली बाजूला, ही स्थळाचं बोलत होती.

मी ताट ठेवलं आणि सरळ निळ्या गेटात शिरले. दारात मालकीण, चांगलं काठाचं लुगडं नेसून. टेबलावर ट्रे. खुर्चीत तो पोरगा, केस ओले करून विंचरलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "बाई, मी खोलीसाठी आलेय. पोरगी नोकरीला येणार हाय, तिला राहायला खोली पाहिजे. बाकी माझ्या मनात काही न्हाई."

मालकिणीनं ट्रेवर फडकं टाकलं. मग मालकीण पोराला म्हणाली, "जा तू. बँकेत जा." इतक्या आनंदानं घराबाहेर जाणारा माणूस मी अजून बघितला नाही.

मालकीण मात्र घुश्शात होती. शाळेत शिकवलेली बाई, बोलणं खणखणीत. "खोलीसाठी कोणी विचारतं का हो, पोरगा सुपारी खातो का म्हणून?"

"पोरगी वर राहणार, पोरगा खाली. मग विचारावं लागतं."

"अहो, चौकशी मालकीण करते भाडेकरूची. भाडेकरू मालकिणीची नाही करत."

"मग केली का तुमी?"

"केली की. तुम्ही गिरणीत होतात तेव्हाच केली. माझी मावसबहीण सेलूलाच दिलीय."

असं आहे. मी तिच्या घराची चौकशी करीत होते तोवर तिनं फोनवर माझ्या घराची करून टाकली होती. मला राग यायला पाहिजे होता, पण काम नीट केलेलं असलं की मला राग येत नाही. मी विचारलं, "काय कळलं?"

"मुलगा तुमचा सरळ आहे. दुकानात उधारीला नाही म्हणत नाही. सून गरीब. आजी बोलकी." ती जराशी थांबली. "मुलगी हुशार आहे. फक्त रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसते म्हणे. एकटीच. कोणाची वाट बघते ते कोणालाच कळलं नाही."

"हो हो," मी म्हटलं. "ते माहीत हाय मला."

मला माहीत नव्हतं. संध्याकाळी ती अभ्यासिकेत जाते असं घरी सांगायची. परीक्षा होऊन गेल्यावर सुद्धा अभ्यासिकेत कशाला जाते, हे मी विचारलं नव्हतं. मी मालकिणीचा चहा घेतला. चहा चांगला होता. खोलीही बघितली, हवेशीर होती, जिना बाहेरून होता, आणि आता ती घेता येणार नव्हती. नात तिथं राहायला आली असती तर गल्लीनं आठ दिवसांत तिला हळद लावली असती. निघाले तर गिरणीवालीनं लांबूनच हाक मारली, "जमलं का मावशी?"

"बघू," मी म्हटलं.

परत येताना गाडीत शेजारच्या बाईनं आपली कैफियत सुरू केली. मी पहिल्यांदाच ऐकून घेतली नाही. डोक्यात एकच. सेलूत सगळ्यांना माहीत आहे की आमची पोरगी स्टेशनवर बसते. मालकिणीच्या मावसबहिणीला माहीत आहे. आता परभणीच्या एका अख्ख्या गल्लीला माहीत आहे. एवढ्या घरांची चौकशी केली, पण माझ्या स्वतःच्या घराची मी कधी केलीच नव्हती.

सेलूला उतरले. फलाटाच्या पार टोकाला, लिंबाच्या झाडाखालच्या बाकावर ती बसलेली. हातात पुस्तक नाही, मोबाइल नाही. मी जाऊन शेजारी बसले.

"कोणाची वाट बघायलीस?"

"तुझी."

"रोज मीच येते का गाडीनं?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग रुळाकडं. म्हणाली, "कोणी सांगितलं?"

"परभणीत कळलं."

यावर तिला हसावं का रडावं कळेना. मग म्हणाली, "आजी, सेलूत कुठंबी बसलं की कोणीतरी येतंच. काय गं, इकडं कुठं? एकटीच का? बाबांना फोन लावू का? चांगलीच माणसं असतात. पण येतात. इथं कोणी विचारत नाही. इथं बसलेलं माणूस गाडीची वाट बघायलंय असं समजतात अन् पुढं जातात."

"मग तू काय करतीस इथं?"

"काही नाही. बसते."

"नुसती?"

"नुसती."

मी तिला खूप काही विचारणार होते. कोणी मुलगा आहे का, हे तर विचारणारच होते. पण ज्या जागेवर कोणी विचारत नाही म्हणून ती येते, तिथंच बसून विचारायचं म्हणजे बरं दिसलं नसतं. रस्त्यात पोरीबाळी दिसल्या की "इकडं कुठं गं?" असं मीही मायेनं विचारते. अजूनही विचारते. पण त्या बाकावर नाही विचारलं.

"खोलीचं काय झालं?" थोड्या वेळानं तीच म्हणाली.

"खोली चांगली हाय. पण तिथं राहायचं तर लग्न करावं लागंल."

सगळं ऐकून ती इतकी हसली की फलाटावरचं झोपलेलं कुत्रं उठून दुसरीकडं गेलं. इस्तरीवाल्याचं सांगितलं तेव्हा तर तिनं पदरासारखी ओढणी तोंडात धरली. मग डोळे पुसून म्हणाली, "दुसरी एक जागा आहे, आजी. लॅबच्या पोरी राहतात तिथं. दवाखान्याजवळ, नव्या वस्तीत. मला पहिल्यापासून तीच पाहिजे होती."

"शेजारपाजार कसा हाय?"

"कोणी कोणाला ओळखत नाही."

तिनं हे गुण म्हणून सांगितलं. माझ्या हिशेबात एवढ्यावर स्थळ मोडतं.

घरी मुलानं विचारलं, "काय, पास का?" मी म्हटलं, "एक घर बघितलं. नको. अजून एक बघायचंय." त्या दिवशी त्यानं भाकरी जास्त खाल्ली.

दुसऱ्यांदा मी रीत मोडली आणि नातीला बरोबर नेलं. नवी वस्ती म्हणजे रुंद सिमेंटचा रस्ता, मधे मधे रिकामे प्लॉट, काही घरं बांधून झालेली, काही नुसते खांब. पिवळी तीन मजली बिल्डिंग. लॅबमधली एक मुलगी चावी घेऊन आली, नात तिच्याबरोबर वर गेली. मी म्हटलं, तुम्ही बघा, मी खाली माझं काम करते.

पण करायचं कसं? गिरणी शोधली, नव्हती. दुकानात तयार पिठाचे पुडे होते. गिरणीच नाही म्हटल्यावर चौकशीची सुरुवात कुठून करणार? औषधाच्या दुकानात गेले.

"ह्या पिवळ्या बिल्डिंगीतली माणसं कशी हायेत हो?"

"कोणती माणसं?" दुकानदार म्हणाला.

"राहतेत ती."

"राहतात का?" तो म्हणाला, आणि गिऱ्हाइकाला गोळ्या द्यायला लागला.

शेजारच्या घराची बेल वाजवून पाणी मागितलं. बाईनं जाळीच्या दारातून सीलबंद बाटली दिली आणि दार लावून घेतलं. पाणी गार होतं, त्याबद्दल तक्रार नाही. कपडे बघावे तर सगळ्यांचे आत वाळत होते. चपला बघाव्या तर त्याही आत. माझी सगळी हत्यारं एका दुपारीत बोथट झाली.

मी औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसले. पोरींच्या वर गप्पा रंगल्या असाव्यात, नात काही लवकर येईना. ऊन कललं. मी एक परकी म्हातारी, मांडीवर पिशवी, इतका वेळ एकाच पायरीवर. सेलूत एव्हाना माझं नाव, गाव, गोत विचारून झालं असतं आणि गुडघ्यांवर कसलं तेल लावायचं तेही सांगून झालं असतं. इथं गाड्या गेल्या, माणसं गेली, दुधाच्या पिशव्या गेल्या. कोणी विचारलं नाही. आधी मला जरा भ्यायला झालं. इथं मी पडले-बिडले तर? मग भ्यायचंही संपलं. मग मी नुसतीच बसले. रस्त्यावरचे दिवे लागले, तेव्हा लक्षात आलं की माझ्या डोक्यात बऱ्याच वेळापासून काहीही नव्हतं. ते वाईट नव्हतं.

दिवेलागणीला पोरी परतायला लागल्या. कोणी लॅबच्या, कोणी क्लासच्या. मी बघत होते. एक आली झपझप, पर्स छातीशी धरून, कानाला मोबाइल. बोलत होती, पण पलीकडून कोणी बोलत असावं असं मला वाटलं नाही. ही युक्ती पोरी करतात, ती मला ठाऊक आहे. मी मनात वस्तीच्या विरुद्ध एक मत टाकलं. दुसरी आली, तिच्याबरोबर भाऊ की कोण होता. ते मत कुठंच धरलं नाही.

मग तिसरी आली. ती रस्त्याच्या मधून चालत होती. पर्स मागं पाठीवर लोंबत होती. एका हातात फुटाण्याचा पुडा आणि दुसऱ्या हातानं एक एक फुटाणा उडवून तोंडात. एक चुकला, तर थांबून कुठं पडला ते बघितलं. बरोबर दिव्याखाली आल्यावर तिनं पुडा तळहातावर उपडा केला, खाली राहिलेला चुरा, मीठ, सालं, सगळं, आणि मान मागं टाकून, डोळे मिटून, तोंडात टाकलं.

बायांनो, दिवेलागणीला, रस्त्यात, डोळे मिटून.

भ्यालेल्या पोरीचे हात मी ओळखते. ते रिकामे असतात, नाहीतर त्यात किल्ली असते. भ्यालेली पोरगी खात खात चालत नाही. एवढ्या वर्षांत मला शेजारणींनी जे सांगितलं नव्हतं ते त्या पोरीच्या दोन्ही हातांनी सांगितलं.

ती माझ्यापुढून गेली. दोन पावलं परत आली, पर्समधून दुसरा पुडा काढला, फोडला आणि माझ्यापुढं धरला. "घ्या आजी."

मी मूठभर घेतले. तिनं विचारलं नाही मी कोण, कुठली, कोणाकडं आले. ती पिवळ्या बिल्डिंगीच्या जिन्यावरून वर गेली. फुटाणे बरे होते. मीठ जास्त होतं.

घरी पोचायला उशीर झाला. मुलगा जेवायचा थांबला होता. सून ताटं घेऊन उभी. नात भिंतीला टेकून बसली, माझ्याकडं न बघता.

"विचारलंस का नीट?" मुलगा म्हणाला.

"औषधाच्या दुकानात विचारलं. शेजारी पाणी प्याले."

"मग? काय म्हणाले लोक?"

"कोणी एक शब्द वाईट बोललं न्हाई."

हे खरं होतं. मुलाच्या कपाळावर आठी पडली. माझ्याच पोटचा, माझी रीत त्याला पाठ. "एकही नाही? माय, असं कसं होईल? काहीतरी खोड असेलच की तिथं."

"हाय की."

"काय?"

"फुटाण्यात मीठ जास्त असतं."

त्याला काही कळलं नाही. पण खोड निघाली म्हटल्यावर त्याचा जीव थोडा खाली पडला. "अन् माणसं?"

"माणसं चांगली हायेत," मी म्हटलं. "पास."

नात उठून आत गेली. सुनेनं ताटं वाढली, आणि माझ्या भाकरीवर न मागता लोण्याचा गोळा ठेवला.

आता खरं सांगते, मला खात्री नव्हती. फुटाणे खाणारी एक पोरगी, एवढाच काय तो पुरावा. पण एका जावयाला तर मी नुसता चपला सरळ काढून ठेवतो एवढ्यावर पास केलं होतं. हाच तो घोरणारा.

महिनाअखेर ती गेली. मुलगा गादीची वळकटी घेऊन, सून बरण्यांची पिशवी घेऊन, आम्ही सगळे स्टेशनवर. ती सवयीनं त्याच लिंबाखालच्या बाकाकडं गेली. बापानं तिला एक शिट्टी दिली, एक टॉर्च दिली आणि कडी लावून वर खुर्ची कशी टेकवायची ते फलाटावरच करून दाखवलं. मी तिच्या पिशवीत फुटाण्याचे पुडे घातले.

"एवढे?" सून म्हणाली. "तिथं मिळत नाहीत का?"

"मिळतेत," मी म्हटलं. "असू दे. लागतील."

मग रोज फोन. आधी बाप विचारायचा, कडी लावलीस का? मग आई विचारायची, जेवलीस का? मग फोन माझ्याकडं यायचा आणि मी विचारायची, "फुटाणे संपले का?"

"नाही गं आजी, अजून पुडा फोडलाच नाही."

दुसऱ्या दिवशी, "तसेच आहेत."

त्याच्या दुसऱ्या दिवशी, "तसेच."

मुलाला वाटायचं सगळं ठीक चाललंय. कडी लावते, जेवते, अजून काय पाहिजे? मी कोणाला काही सांगितलं नाही. अंथरुणावर पडलं की मला तो पिवळ्या बिल्डिंगीपर्यंतचा रस्ता दिसायचा आणि त्यावरून झपझप येणारी नात, कानाला मोबाइल. पास मीच केलं होतं ना. घोरणाऱ्या जावयाचं निदान लेकीला कानात कापूस घालून भागवता येतं.

एकदा ती म्हणाली, "आजी, तू रोज फुटाण्याचंच कामून विचारतीस?"

"मऊ पडतेत म्हणून."

असे बरेच दिवस गेले. मग एका संध्याकाळी फोन आला. बापाचं कडीचं झालं, आईचं जेवणाचं झालं, फोन माझ्या हातात आला. मी विचारणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "आजी, ते फुटाणे संपले. घरापर्यंत उरतच नाहीत, रस्त्यातच संपतात."

"चालता चालता खातीस?"

"मग काय उभं राहून खाऊ?"

"पर्स कुठं असती तेव्हा?"

"पाठीवर. कामून?"

"काही न्हाई," मी म्हटलं. "मीठ बघून खात जा."

फोन ठेवला. मुलगा मोबाइलवर बातम्या बघत होता. "काय म्हणाली?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"फुटाणे संपले म्हणाली."

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं, आणि सुनेला सांगितलं की सकाळी बाजारातून फुटाणे आण, या खेपेला जरा जास्तच आण.